मुठीतला भंडारा

आपल्याकडं पगार विचारायला कुणी लाजत नाही. धाराशिवकडच्या वाशीच्या स्टँडवरून एसटी हलायच्या आत शेजारचा परका माणूस तुमचं गाव, आडनाव आणि लेकरं विचारून घेतो, आणि गाडी हायवेला लागली की जावयाच्या पगारावर येतो. सोयरीक बघायला आलेले पाहुणे तर चहा यायच्या आधीच तो विषय काढतात. आण्णासाहेबांच्या खव्याच्या भट्टीवर मात्र उलटी तऱ्हा. तिथं वर्षानुवर्षं एका धगीला उभी राहिलेली माणसं. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सासूचे गुडघे धरले, कुणाचं पोरगं गणितात उडालं, सगळं एकमेकांना तोंडपाठ. पण शेजारच्या कढईवरच्या माणसाला महिन्याला किती मिळतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

याचं कारण आण्णासाहेबांच्या देवघरात होतं.

पगार महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हायचा. रविवार खंडोबाचा, आणि खंडोबा आण्णासाहेबांचं कुलदैवत. भट्टीला लागूनच त्यांचं घर होतं. तिथल्या आतल्या खोलीत ते एकेकाला बोलवायचे, दार लोटून घ्यायचे आणि पाकीट हातात द्यायचे. मग देवापुढची लाकडी वाटी उचलून पुढं धरायचे. वाटीत अणदूरहून आणलेला भंडारा असायचा.

"कोंडीराम," पहिल्यांदा असं बोलावलं तेव्हा ते म्हणाले होते, "बाकीच्यांपेक्षा तुला दोन हजार जादा देतोय. तू माझ्या घरातला माणूस. पण ही गोष्ट तुझ्यात, माझ्यात आन् ह्या देवात राहिली पाहिजे. बाहेर गेली तर बाकीच्यांची तोंडं वाकडी होतील. उचल भंडारा."

कोंडीरामनं चिमूटभर उचलला, कपाळाला लावला आणि मूठ मिटून शब्द दिला. त्याच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली होती. मेंढरांच्या वाटणीची भांडणं कोर्टाची पायरी न चढता भंडाऱ्यावर मिटलेली कोंडीरामनं लहानपणी बघितली होती. भंडारा उचलून शब्द मोडणाऱ्याचं घर बसतं, असं बाप सांगायचा, आणि अशा दोन-चार घरांची नावंही घ्यायचा.

खरं सांगायचं तर कोंडीरामला त्या दोन हजारांपेक्षा 'घरातला माणूस' हे जास्त गोड लागलं होतं. पन्नाशीला आलेला माणूस, पण त्या दिवशी खोलीतून बाहेर येताना त्याची छाती नव्या नवरदेवासारखी पुढं आली होती. त्यानं हाताची पिवळी पूड पँटीला पुसली, न जाणो कुणी बघायचं म्हणून. तशी पूड सगळ्यांच्याच अंगावर असायची. भट्टीवरच्या बिरूच्या कपाळावर टिळा असायचा, अयोध्याच्या बांगड्या पिवळ्या झालेल्या असायच्या. कोंडीरामला वाटायचं, आण्णासाहेब देवभोळे, सगळ्यांना टिळा लावून पाठवतात. आपली गोष्ट निराळी. डोळ्यांसमोरची गोष्ट त्याला इतकी वर्षं दिसली नाही. दिसावी अशी त्याची इच्छाच नव्हती म्हणा ना.

त्याच्या शेजारच्या कढईवर दैवशाला उभी असायची. तिला भट्टीवर आणलं कोंडीरामनंच. तिचा नवरा सिदू शेळ्या घेऊन रानोमाळ फिरणारा, साधा माणूस. घराला एक बांधलेली मिळकत असावी म्हणून दैवशाला काम शोधत होती, आणि कोंडीरामला सख्खी बहीण नव्हती. पहिल्या वर्षीच्या भाऊबीजेला तिनं त्याला पाटावर बसवलं, आणि तेव्हापासून तो तिचा दादा झाला. उलथनं कसं धरायचं, दूध आटत आलं की कढईचा तळ कसा खरवडत राहायचा, जाळ कधी ओढून घ्यायचा, हे तिला त्यानंच शिकवलं. हळूहळू तिचा हात असा बसला की तुळजापूरचे पेढेवाले फोनवर 'त्या बाईच्या कढईचा खवा ठेवा' असं सांगू लागले. कोंडीरामला त्याचा हेवा वाटला नाही. आपणच शिकवलंय, असं तो येईल त्याला सांगायचा.

दैवशालाची लेक प्रतीक्षा बारावी झाली आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला. कॉलेज धाराशिवला, म्हणजे होस्टेल आलं. प्रवेशाची तारीख दसऱ्यानंतरची होती. दैवशालानं मनाशी हिशोब घातला तेव्हा सगळं जमत होतं, फक्त महिन्याच्या होस्टेलपाशी येऊन गाडी अडत होती. त्यात नवरात्र तोंडावर आलं. तुळजापूरची मागणी दुप्पट झाली, भट्टी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत पेटलेली राहू लागली, आणि पगार होता तिथंच.

एका दुपारी भाकरी खाऊन सगळे परत कढयांवर आले तेव्हा ती बोलली.

"आपण एक काम करू. आण्णासाहेबांकडं सगळ्यांनी मिळून जाऊ. पर त्याच्याआधी ज्यानं त्यानं आपला पगार सांगायचा. आपल्यालाच आपलं माहीत न्हाय तर तिथं जाऊन काय बोलणार?"

बिरूनं जाळात एक लाकूड सारलं. ते सारायची काही गरज नव्हती.

"बरं, माझ्यापासनं सुरू करते," दैवशाला म्हणाली. "मला नऊ हजार मिळत्यात."

कोंडीरामचा हात थबकला. त्याला चौदा मिळत होते. चौदातून जादाचे दोन काढले तर बाकीच्यांना बारा मिळायला हवेत, असा सरळ हिशोब तो इतकी वर्षं मनात धरून होता. नऊ कुठून आले? तीच कढई, तेवढंच दूध, आणि खवा तर त्याच्याहून उजवा. ही काहीतरी चुकून बोलतेय, असं त्याला वाटलं. मग वाटलं, चुकून कसं बोलेल? आणि मग दुसरंच वाटलं, जे त्याला पुढं कधी आठवायला नको होतं. त्याला वाटलं की आपण बोललो तर आपले जादाचे जातील.

"दादा, तुम्ही सांगा," दैवशाला त्याच्याकडं वळून म्हणाली. "तुम्ही सांगितलं की बाकीचे सांगत्याल."

ती त्याच्याकडं बघत होती. बिरू बघत होता, अयोध्या पदरानं तोंड पुसत बघत होती. कोंडीरामनं मान खाली घातली आणि उलथनं जोरानं फिरवलं.

"आत्ता नको. खवा लागंल," तो म्हणाला.

दैवशाला "बरं" म्हणाली आणि जाळ ओढून घेऊन एकटीच घराच्या दाराकडं गेली.

तिचं आत काय बोलणं झालं हे कुणाला ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळानं आण्णासाहेब तिला घेऊन बाहेर आले. त्यांनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. गावात त्यांचा मान होता तो त्यामुळंच. लग्नकार्याला पहिला हात त्यांचा असायचा, कुणी आजारी पडलं तर त्यांचीच गाडी निघायची. कोंडीरामच्या बायकोला, तुळजाबाईला, बार्शीच्या दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं.

"दैवशाला म्हणते, मी हिला बाकीच्यांपेक्षा कमी देतो," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या भट्टीवर असा दुजाभाव होत असंल तर मला कळलं पाहिजे. कोंडीराम, तू तर हिचा भाऊ. तूच सांग. तुला हिच्यापेक्षा जादा मिळतात?"

भट्टीवर फक्त दूध रटरटत होतं. कोंडीरामच्या डोळ्यांपुढं लाकडी वाटी आली, बाप आला, बसलेली घरं आली. दवाखान्यातली तुळजाबाई आली. दैवशाला त्याच्यापासून चार हातांवर उभी होती, तरी ती मात्र डोळ्यांपुढं आली नाही.

"न्हाय, आण्णासाहेब," तो म्हणाला. "सगळ्यांना सारखंच हाय."

सांगून टाकल्यावर त्याला क्षणभर हलकं वाटलं, हेही लपवण्यात अर्थ नाही.

दैवशालानं टाकीवर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत नीट धुतले, डब्याची पिशवी खुंटीवरून काढली आणि निघून गेली. तिच्या कढईतलं दूध अर्धं आटलेलं होतं. ते कोंडीरामनंच पुढं आटवलं.

आण्णासाहेबांनी तिला काही काढून टाकलं नाही. कुणी विचारलं तर ते तसंच सांगायचे, आणि ते खरंही होतं. ती परत आली नाही, एवढंच. नवरात्र गेलं, दसरा गेला. ती रोजंदारीवर सोयाबीन काढायला जाते असं अयोध्यानं एकदा सांगितलं. प्रवेशाची तारीख निघून गेली तेही तिनंच सांगितलं. कोंडीराम मनाची समजूत घालत राहिला की आपण शब्द पाळला. देवाला दिलेला शब्द मोडायचा म्हणजे काय चेष्टा आहे का? दिवसभर ही समजूत टिकायची. घरी तुळजाबाई ताट वाढून "दैवशाला कशी हाय हो?" म्हणायची आणि तिथं ती ढासळायची.

दैवशालाच्या जागी आण्णासाहेबांनी नळदुर्गाकडची एक बाई आणली. इरम्मा तिचं नाव. चाळिशीची, धिप्पाड, बोलण्यात निम्मं कानडी. दिवाळीच्या आधीचा पगाराचा रविवार हा तिचा पहिलाच. ती आत गेली, बाहेर आली, आणि कपाळावर पिवळा टिळा घेऊन थेट कोंडीरामच्या कढईपाशी येऊन उभी राहिली. चेहरा घाबरलेला.

"मामा, मालकांचं काहीतरी चुकलंय," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"काय चुकलं?"

"मला आठ हजार दिले. आन् म्हणले, बाकीच्यांपेक्षा तुला दोन हजार जादा देतोय, कुणाला बोलू नको. भंडारा उचलायला लावला. यप्पा! म्या आत्ता तर आले. मला कशापायी जादा? उद्या चूक ध्यानात आली की परत मागत्याल, म्हणून भ्या वाटतंय." ती जरा थांबली. "आन् मामा, जादा म्हणजे कुणापेक्षा जादा?"

धगीला उभा असून कोंडीरामच्या अंगावर काटा आला.

त्या संध्याकाळी त्यानं बिरूला सायकल स्टँडपाशी गाठलं. बिरू आधी काही कबूलच होईना. मग कोंडीरामनं स्वतःचा आकडा सांगितला, जादाचे दोन हजार सांगितले, भंडारा सांगितला. बिरूचं तोंड उतरत गेलं.

"मला अकरा," तो अखेर म्हणाला. "दोन हजार जादा धरून. मला वाटत व्हतं मी एकटाच, दादा."

अयोध्याचंही तेच निघालं. तिलाही जादा मिळत होते, आणि सगळे धरून साडेआठ होत होते. म्हणजे प्रत्येकाला 'बाकीच्यांपेक्षा जादा' असंच सांगितलेलं होतं, आणि जादा नसलेला असा माणूस त्या भट्टीवर नव्हताच. प्रत्येकजण आपलं जादाचं सांभाळत गुमान उभा होता. घरातला माणूस! कोंडीरामला स्वतःचीच शिसारी आली. आण्णासाहेबांचा राग नंतर आला, आणि तोही म्हणावा तसा आला नाही.

भाऊबीजेला जावं की नाही यावर त्यानं दोन दिवस घोळ घातला. शेवटी तुळजाबाईनंच त्याच्या हातात साडीची पिशवी दिली आणि म्हणाली, "तिनं दार लावलं तर माघारी या. पर जावा."

दैवशालानं दार लावलं नाही. पाट मांडला, त्याच्या डोक्याला रुमाल गुंडाळला, कुंकू लावलं. सिदू शेळ्यांमागं गेला होता. प्रतीक्षा चुलीपाशी चहा करत होती. तिनं मान वर करून "या मामा" म्हटलं आणि परत चहाकडं बघू लागली. दैवशालाचे हात सोयाबीनच्या काडानं चरचर कापलेले होते. निरांजन ओवाळताना ते त्याच्या नजरेसमोरून गोल फिरत होते. त्याला राहवेना.

"दैवशाला, मला चौदा..."

"ओवाळताना बोलू नये, दादा."

तिनं ओवाळणं पुरं केलं. त्यानं ताटात साडी ठेवली. मग ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आता बोला."

त्यानं सगळं सांगितलं. चौदा हजार, इरम्मा, बिरू, अयोध्या, काही ठेवलं नाही. "म्या त्या दिवशी सगळ्यांदेखत खोटं बोललो," तो म्हणाला.

"ठाव हाय."

"तुला कसं ठाव?"

"तुम्ही जुने, त्यात गडीमाणूस. माझ्याइतकंच कसं असंल? एवढं मलाबी कळतं की."

"मग मला इचारलंस कशाला?"

"तुम्ही सांगताल असं वाटलं," दैवशाला म्हणाली.

कोंडीरामनं डोक्याचा रुमाल सोडला. "भंडारा उचलला व्हता गं मी."

"म्या काय गुलाल उचलला व्हता? माझ्याबी मुठीत त्यंनी भंडाराच ठिवला व्हता. बाकीच्यांपेक्षा जादा, हेच मलाबी सांगितलं व्हतं."

"आन् तरी तू बोललीस? भ्या न्हाय वाटलं?"

"लई वाटलं. घरी येऊन देवाम्होरं नाक घासलं." ती हातावरच्या चिरा चाचपत होती. "पर म्हणलं, खंडोबाला काय माझा पगार झाकून ठिवायचाय व्हय? त्याला काय त्याचं?"

प्रतीक्षानं चहा आणून दिला. "साखर बरी हाय का मामा?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. कॉलेजचं विचारायचं त्याच्या मनात होतं, पण तोंड उघडेना. दैवशालाच म्हणाली, "पुढच्या साली बघू म्हणलंय तिला." पोरगी रिकामा कप घेऊन परत चुलीपाशी गेली.

"मी आण्णासाहेबांशी बोलतो," कोंडीराम घाईघाईनं म्हणाला. "चुकलं म्हणतो माझं. तू परत ये भट्टीवर."

"नको, दादा. माझ्या कढईवर आता दुसरी बाई उभी हाय ना? तिला सांगा तुमचा पगार. मला सांगून आता काय व्हायचं?"

ती रागानं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं त्याला वेशीपर्यंत पोचवलं, वहिनींना सांगावा दिला, फराळाचा डबा दिला. दरवर्षी देते तसाच.

पुढच्या पगाराच्या रविवारी कोंडीराम सकाळपासून मनाची तयारी करत होता. बिरूला आणि अयोध्याला त्यानं आधी सांगून ठेवलं होतं की मी बोलणार आहे, मी बोललो की तुम्हीही बोला. बिरू "बघू" म्हणाला होता. कढया चढल्या, दूध आटत आलं, आणि आतून पहिली हाक यायची वेळ झाली तेव्हा तो मोठ्यानं बोलला. आवाज घराच्या दारापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं.

"मला चौदा हजार मिळत्यात. बाकीच्यांपेक्षा दोन हजार जादा म्हणून सांगितलंय आन् भंडारा उचलायला लावलाय. दैवशाला खरं बोलली व्हती. खोटं मी बोललो व्हतो."

दार उघडलं. आण्णासाहेब उंबऱ्यात येऊन उभे राहिले. त्यांनी एकेकाकडं बघितलं. इरम्मानं तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं आणि पदर खोचून घेतला. अयोध्या पाणी प्यायला वळली. उलथन्यांचा आवाज मात्र थांबला नाही, उलट वाढला.

कोंडीरामनं बिरूकडं बघितलं. आता एकच माणूस बोलायला हवा होता, एकच. चार हातांवर उभी राहून दैवशालानं त्या दिवशी कशाची वाट बघितली असेल, ते त्याला आता कळलं. ते कळून उपयोग काय, हेही कळलं.

बिरूनं मान वर केली नाही.

"दादा," तो हळूच म्हणाला, "खवा लागंल."

कोंडीरामनं कढईत पाहिलं. तळ खरवडला, परत पाहिलं. खवा काही लागला नव्हता. त्या दिवशीही लागला नव्हता.